कुत्रं तुम्ही आणलं, मग मांजराने घर का सोडायचं?



आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला टोचलं तर टोचू दे. विषय जीवदयेचा आहे आणि तो आपल्याच घरातला आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात घरोघरी छोटी कुत्री आली. आमच्या लहानपणी कुत्रं म्हणजे गल्लीतलं. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची, आणि तीही ओट्याच्या खाली. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा तो पग टीव्हीवर आला आणि हळूहळू हे वेड लहान गावांतही शिरलं. आता पामेरियन, पग, शित्झू अशी मांडीत मावणारी कुत्री शहरांतून येतात आणि थेट सोफ्यावर बसतात. कुणाच्या नातवाने हट्ट धरलेला असतो, कुणाची मुलं परदेशी गेलेली असतात आणि घर सुनं झालेलं असतं. त्याला माझी हरकत नाही. आमच्याकडेही टफी नावाचा पामेरियन आहे आणि त्याचे लाड करण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

माझी हरकत पुढच्या गोष्टीला आहे. यावलसारख्या गावात व्यापाऱ्याचं जुनं घर म्हणजे पुढे दुकान, मागे कोठीची खोली, आणि त्या खोलीत मांजर आधीपासून असतंच. कुणी मुद्दाम आणलेलं नसतं. तिची आई तिथेच व्यायलेली, आजीही तिथेच. कुत्रं येतं, मांजराच्या मागे धावतं, घरातले हसतात, आणि महिना-दोन महिन्यांत मांजर दिसेनासं होतं. विचारलं की उत्तर मिळतं, "सोडून आलो मळ्यात. तिकडे उंदीर भरपूर, सुखात राहील."

गेल्या चातुर्मासात आमच्या ओळखीच्या एका घरातून नऊ वर्षांची मांजरी पोत्यात घालून गावाबाहेर केळीच्या बागेत नेऊन सोडली. नऊ वर्षांची! त्या घरात पाणी गाळून पितात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत. गव्हात किडा दिसला तर तो हलक्या हाताने उचलून सावलीत ठेवतात. मी हे चेष्टेने लिहीत नाही, हे सगळं मीही करते आणि करत राहणार आहे. पण ज्या हातांनी किडा जपला त्याच हातांनी पोत्याचं तोंड कसं बांधलं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

"सुखात राहील" म्हणे. मांजराचा जीव माणसापेक्षाही जागेत जास्त अडकलेला असतो. कोणत्या खिडकीत सकाळचं ऊन येतं, कोणत्या कोठीमागे कुणी हात घालू शकत नाही, कोणत्या वेळी दूध तापतं, हा तिचा सगळा संसार. परक्या रानात टाकलं की ती आधी उंदीर शोधत नाही, घर शोधते. मग रस्ता ओलांडते. आमच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत केळी आहे, त्यात कोल्हे आहेत, मोकाट कुत्री आहेत, बिबट्याही येतो. आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. नऊ वर्षं वाटीतलं खाल्लेल्या जीवाला तिथे सोडणं म्हणजे जिवंत सोडणं नव्हे. आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही, एवढंच.

हा गुन्हाही आहे बरं का. १९६० च्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात कलम ११ खाली स्पष्ट आहे की उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी विनाकारण प्राणी टाकून देणं हा छळ आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज लिटरभर म्हशीचं दूध येत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही हे मला कळतं. पण मी कॉमर्स शिकलेली बाई आहे. खर्च लहान दिसतो म्हणून तो नावे टाकायचाच राहिला, असं आपल्या घरच्या वहीत तरी चालत नाही.

दुसरं एक उत्तर जरा सभ्य असतं. "आम्ही टाकून नाही दिलं, पांजरापोळात देणगीसह दिलं." बहुतेक पांजरापोळ आणि गोशाळा गाईगुरांसाठी बांधलेल्या आहेत. तिथे मांजर ठेवायची सोय आहे का, हे पावती घेण्याआधी किती जणींनी विचारलं? आणि पांजरापोळाचा विषय निघालाच आहे तर जरा मागे जाऊ. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, आणि आपले व्यापारीही त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. त्यानंतर १८३४ मध्ये मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला, त्यामागे जमशेटजी जीजीभॉय होते आणि आपले शेठ मोतीशा होते. म्हणजे ज्या संस्थेचा आपल्याला इतका अभिमान आहे, तिच्या मुळाशी ज्याला कुणी वाली नव्हता तो रस्त्यावरचा कुत्रा आहे. त्यांनी नको असलेला जीव आत घेतला. आणि आपण हवा असलेला, पैसे मोजून आणलेला जीव आत घेऊन, घरचा जीव बाहेर काढतो.

आता ते दुसरं वाक्य. "स्वभावच आहे हो त्याचा, कुत्र्या-मांजराचं वैर जन्माचं."

पर्युषणात चंडकौशिकाची कथा ऐकताना आपण माना डोलावतो. भयंकर विषारी सर्प, पण भगवंतांच्या शांतीपुढे शांत झाला. देरासरात समवसरणाचं चित्र असतं, त्यात वाघ आणि गाय शेजारी बसलेले नातवंडांना बोट लावून दाखवतो. तिथे स्वभाव आड येत नाही. चार किलोच्या पामेरियनपाशी आल्यावर मात्र स्वभाव हा लोखंडाचा खांब होतो! मी भगवंतांशी बरोबरी करत नाही, इतकी अक्कल मला आहे. एवढंच म्हणते की ज्यांच्या धर्मात कषाय कमी करता येतात हा पहिला धडा आहे, त्यांनी "स्वभाव आहे" म्हणून हात झटकू नयेत.

खरं काय आहे ते समजून घ्या. कुत्र्याच्या धावण्यात बहुतेक वेळा वैर नसतं. शिकारी पूर्वजांकडून आलेली ती एक साखळी आहे: बघणं, दबकणं, पाठलाग, पकड. छोट्या घरगुती कुत्र्यांत शेवटची कडी बऱ्याचदा बोथट झालेली असते, पण पहिल्या तीन शाबूत असतात. आणि या पाठलागाला वरून बक्षीस लागत नाही. धावणं हेच त्याचं बक्षीस. मांजर पळालं की कुत्र्याला मजा आली, मजा आली की उद्या तो आणखी लवकर धावणार. व्याज मुदलात मिळत जातं तसं आहे हे. म्हणून "होईल सवय हळूहळू" म्हणत मोकळं सोडून देणाऱ्या घरात सवय होतेच, फक्त ती पाठलागाची होते.

"एवढंसं तर कुत्रं, ते काय करणार" म्हणणाऱ्यांनी मांजराकडे बघितलेलं नसतं. दिवसातून दहा वेळा पळावं लागणारं मांजर पाण्याच्या भांड्यापाशी जाणं टाळतं, मातीच्या पेटीपर्यंत पोहोचू शकत नाही, मग गादीवर मुततं. घरातले म्हणतात, बघा, मांजर बिघडलं. बिघडलं नाही, त्याची वाट अडवली आहे. मांजराने भीतीने दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर त्याच्या यकृतावर चरबी साचून जिवावर बेतू शकतं, अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. बोक्याची लघवी ताणाने अडली तर ती तर धावपळीची वेळ असते. आणि कुत्र्याचंही काही कमी जात नाही. पग आणि शित्झू यांचे डोळे बाहेर आलेले. कोपऱ्यात सापडलेल्या मांजराचा एक पंजा आणि डोळा गेला. आमच्या भागातले पशुवैद्य जास्त करून गाई-म्हशी बघणारे, बुबुळाच्या जखमेला मोठ्या शहराकडे धावावं लागतं. तेव्हा "खेळतात ते" हा शब्द जपून वापरा. खेळात दोघं आळीपाळीने धावतात. एकच धावतो आणि एकच पळतो, त्याला खेळ म्हणत नाहीत.

आता कामाचं बोलते, कारण नुसतं रागावून कुणाच्या घरचं मांजर वाचत नाही.

सगळ्यात आधी, कोंडायचं कुणाला? आपल्याकडे मांजराला मागच्या खोलीत ढकलतात आणि नवं पिल्लू घरभर नाचतं. हे उलटं आहे. नव्याने यायचं असतं ते सांभाळून. सून घरात आली तर सासूची खाट गच्चीवर टाकतो का आपण? (हसू नका, काही घरांत टाकतात.) पहिले दहा-पंधरा दिवस कुत्र्याला एक खोली द्या आणि मांजराच्या जागा, वाटी, वेळ, काही हलवू नका. २००८ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांवर. त्यात बऱ्याचशा घरांत दोघांचं चांगलं जमत होतं, आणि मांजर आधीपासून घरात असलं व कुत्रा लहान वयात आला तर ते जास्त चांगलं जमत होतं. म्हणजे आपल्या घरात जे आपण अडचण समजतो, तीच सोय आहे.

त्या पंधरा दिवसांत दोघांची ओळख नाकाने करून द्यायची. मांजर बसतं ते फडकं कुत्र्याच्या खोलीत, कुत्र्याचं अंथरूण मांजराच्या वाटेवर. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांचं जेवण, पहिल्या दिवशी दारापासून लांब, मग रोज थोडं जवळ. एकमेकांचा वास आला की पोट भरतं, हे दोघांच्या डोक्यात बसतं. आपल्याकडे हे सोपं आहे. चौविहार असल्याने घरातल्या सगळ्यांची जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात, त्यातच ही दोन ताटं. नंतर लाकडी दाराऐवजी जाळीचं दार. डासांची नायलॉनची जाळी नको, ती पामेरियन एका उडीत फाडतो. सुताराला सांगून लोखंडी जाळीचं अर्ध्या उंचीचं करून घ्या आणि पहिल्या आठवड्यात खालच्या भागावर जुनी चादर टाका, म्हणजे थोडं दिसेल, थोडं नाही.

मग पट्टा. घरातल्या घरात पट्टा ऐकून माझ्या जावेने कपाळाला हात लावला होता. पण समोरासमोर पहिल्या भेटी पट्ट्यातच व्हायला हव्यात. गळ्याचा नको, छातीवरून जाणारा, आणि सैल. ताणून धरलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की समोर काहीतरी भयंकर आहे. आता नीट बघायचं ते कुत्र्याच्या तोंडाकडे. जीभ आत गेली, तोंड मिटलं, नजर रुतली, अंग पुढे झुकलं, एक पाय उचलला गेला, की समजा साखळीची पहिली कडी पडली. भुंकणं नंतर येतं, तोवर उशीर झालेला असतो. त्या क्षणी हाक मारायची, आणि त्याने मांजरावरून नजर काढून आपल्याकडे बघितलं रे बघितलं की लगेच तोंडात घास. शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा पुरतो. केळ्याचा बारीक कापही चालतो, आणि यावलात केळ्याला काय तोटा! मनुका मात्र कधीच नाही, द्राक्षं-मनुका कुत्र्याला विषारी. पारण्याच्या दिवशी बेदाण्याची वाटी खाली राहू देऊ नका. (कांदा-लसूणही कुत्र्या-मांजरांना विषारीच. आपल्या बऱ्याच घरांत त्यांना तेवढं तरी सुख आहे.)

मांजराकडे दुर्लक्ष करण्याचे पैसे मिळतात, हे एकदा कुत्र्याला कळलं की तो पक्का व्यापारी होतो. टफी तर नंतर मनीकडे एक नजर टाकून लगेच माझ्याकडे वळायचा, आणा म्हणे माझं बिल! मी रोज किती वेळा धावला आणि किती वेळा वळला याचा जमाखर्च एका वहीत लिहीत होते. घरातले हसायचे. पण त्या वहीमुळेच कळलं की त्याच्या धावण्याच्या नोंदी संध्याकाळी दाट आहेत.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हिंडतं. आणि खानदेशात चैत्रापासून दिवसभर घराबाहेर पाय टाकवत नाही, फरशी पोळते, त्यामुळे कुत्रा दिवसभर पंख्याखाली पडून राहतो आणि संध्याकाळी त्याची साठलेली ताकद मांजरावर निघते. म्हणून उन्हाळ्यात त्याला सूर्य वर यायच्या आधी फिरवून आणा. हुंगू द्या मनसोक्त. फरफटत दोन चकरा मारण्यापेक्षा एका झाडाला पाच मिनिटं हुंगल्याने त्याचं डोकं जास्त थकतं. दुपारी जुन्या टॉवेलात पोळीचे तुकडे गुंडाळून द्या, तो अर्धा तास सोडवत बसेल.

नेमक्या या दोन वेळांना आपण बायका सामायिकाला बसतो. अठ्ठेचाळीस मिनिटं. मधे उठता येत नाही, ओरडता येत नाही, आणि मागे कोठीच्या खोलीत धावपळ सुरू झाली तर कसलं आलंय चित्त स्थिर! एका बाईंनी मला विचारलं होतं, अशा वेळी उठलं तर सामायिक भंगेल का. तो प्रश्न महाराजसाहेबांना विचारा. माझं म्हणणं एवढंच की कटासन घालण्याआधी जाळीचं दार लावा, म्हणजे तो प्रश्न उभाच राहणार नाही. घरात कुणी नसतानाही तेच. दोघं कितीही शहाणी झाली तरी पहिलं वर्षभर त्यांना एकटी एकत्र सोडू नका.

एक गोष्ट मोठ्या कुत्र्यांच्या सल्ल्यात चालते आणि आपल्याकडे फसते. मांजराला निसटायला दाराच्या खाली भोक ठेवा म्हणतात. लॅब्राडोर त्यातून जाणार नाही, पण पामेरियनचं पिल्लू मांजराच्या आधी पलीकडे पोहोचतं! छोट्या कुत्र्याच्या घरात मांजराला भोक नको, उंची हवी. कोठीची वरची जागा, पोटमाळा, फळीवर एक पोतेरं. आणि तिथवर जायला दोन वाटा हव्यात, म्हणजे एका वाटेवर कुत्रा बसला तरी ती अडकत नाही. मांजराची पाण्याची वाटी आणि जेवण वरच ठेवा, मातीची पेटी मात्र कुत्रा पोहोचणार नाही अशा आडोशाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत बरण्या मांडायचा मोह होतो. मांडू नका, ती जागा मनीची.

शब्द एकच ठेवा. मुलगा "नो" म्हणतो, नातू "स्टॉप" म्हणतो, यजमान "हड्" म्हणतात, कुत्र्याने काय ऐकायचं? आमच्याकडे "सोड" ठरलं आणि दुकानातल्या माणसालाही ते सांगितलं.

आता मारण्याबद्दल. "दोन फटके द्या, सरळ होईल" हा सल्ला मला देरासराच्या पायरीवर मिळाला, मिच्छामि दुक्कडम् म्हणणाऱ्या तोंडातून. प्रतिक्रमणात आपण पहिल्या व्रताचे पाच अतिचार रोज आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. तोंडपाठ असल्याने अर्थाकडे लक्ष जात नाही. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. हे पाचही आश्रित जिवांशी आपण कसं वागतो त्याबद्दल आहेत. फटका मारला की वध लागतो, हे व्रताचं झालं. व्यवहाराचं असं की मांजर दिसलं आणि मार बसला, एवढंच कुत्र्याला कळतं. पुढच्या वेळी तो मांजराला घाबरून जास्त चवताळतो. "मांजराची नखंच काढून टाका" म्हणणारेही भेटतात. ते नख काढणं नसतं, बोटाचं शेवटचं हाड तोडणं असतं. छविच्छेद आणखी कशाला म्हणायचं? नखाचं टोक कापणं वेगळं, ते खुशाल करा.

आणि बांधण्याबद्दल तर आपल्या आचार्यांनी इतका बारीक विचार केला आहे की मला दर वेळी आश्चर्य वाटतं. गरजेने बांधणं वेगळं आणि निर्दयपणे जखडणं वेगळं. गाठ सैल असावी, जनावराला हलता यावं, आग लागली तर चटकन सुटता यावं. म्हणूनच मी सैल पट्टा म्हणते, आणि दिवसभर खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेल्या कुत्र्याला शिस्त म्हणत नाही. १९६० च्या कायद्यातही कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हा छळच धरला आहे.

हे वाचून एखादी जाणती आजीबाई म्हणेल, "मुळात श्रावकाने कुत्री-मांजरं पाळूच नयेत, पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे." आहे, मी नाकारत नाही. पण हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा खुलासा करताना पैशासाठी पोसणं असं म्हटलं आहे. पंधरा कर्मादानं आहेतच मुळी धंद्यांबद्दल. म्हणजे पिल्लं विकण्याकरिता कुत्र्या पोसणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडून पंचवीस हजारांना पिल्लू आणणाऱ्यांनी या शब्दावर थांबावं. कोठीत आपोआप राहिलेल्या मांजराला हाकलायला हा शब्द वापरू नये. आणि ज्यांना पाळणंच पटत नाही त्यांनी आणू नये, इतकं सोपं आहे. आणल्यावर शास्त्र आठवणं बरं नव्हे.

हे सगळं करूनही काही कुत्री वळत नाहीत. फार थोडी, पण असतात. मग घर वाटून घ्या, सकाळी खालचा मजला याचा, वरचा तिचा. तेही जमत नसेल, तर ज्या घरात मांजर नाही असं चांगलं घर बघून, चार वेळा जाऊन, खात्री करून कुत्र्याला तिथे द्या. जायचंच असेल तर मागून आलेल्याने जावं, आणि पोत्यातून नाही.

शेवटचा राग मोबाइलवरच्या व्हिडिओंचा. नातवंडं "छू, छू" करतात, कुत्रं धावतं, मांजर पडद्यावर चढतं, सून त्यावर गाणं लावते, आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्ही आपल्याकडे एकाच ओळीत मोजतात. छू म्हणणारा करवतो आणि हसणारा चेहरा टाकणारी अनुमोदन देते. परवा असाच एक आला. मी खाली लिहिलं, "आवाज बंद करून पुन्हा बघा. फक्त मांजराचे कान बघा." दोन्ही कान डोक्याला चिकटलेले होते, बुबुळं काळीभोर पसरलेली, आणि पडद्याच्या दांडीवर तिने पोट घट्ट दाबून धरलं होतं. अर्ध्या तासाने तो व्हिडिओ काढून टाकलेला दिसला. त्या सूनबाईंनी मला वेगळा निरोप पाठवला, सुताराचा नंबर मागितला आणि जाळीच्या दाराची उंची किती ठेवली विचारलं. अडीच फूट, आमच्या टफीला पुरते. शित्झूला दोन फूटही चालेल, पण पिल्लू असेल तर गजांमधलं अंतर दोन बोटांपेक्षा जास्त ठेवू नका.